टाकून दिलेला नमुना

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्य डॉक्टरसाहेब, रक्तपेढीच्या प्रमुख मॅडम, प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, आणि पहिल्या रांगेत पाठीशी उशी घेऊन बसलेल्या सत्कारमूर्ती,

'सत्कारमूर्ती' म्हटल्यावर तिनं नाक मुरडलं. तुम्हाला मागून दिसलं नसेल, मला दिसलं. बेचाळीस वर्षांपूर्वी कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या तासाला हेच नाक मी शेजारून पाहत असे. मला सुईत दोरा ओवता यायचा नाही. सिस्टरची पाठ वळली की ती माझी सुई ओढून घ्यायची, ओवायची आणि माझ्याकडे न बघताच परत कापडात टोचून ठेवायची. वर्गात ती सगळ्यांत बुटकी, मी सगळ्यांत उंच. सिस्टर आम्हाला मुंगी आणि उंट म्हणत. इथे तिला सगळे ताई म्हणतात, माझी जीभ मात्र तशी वळत नाही.

निरोपाच्या भाषणात गुण सांगायचे असतात. एकतीस वर्षं तिनं या इमारतीत लोकांचं रक्त काढलं. ज्या मुलांची शीर कुणाला सापडत नसे, ती तिच्याकडे धाडली जात. हे तुम्ही जाणताच. मला आज दुसरंच सांगायचं आहे, आणि ते तिची परवानगी घेऊन सांगते आहे.

तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. मोठ्या आतड्याला आतून जखमा व्हायच्या, रक्त जायचं. तीन वर्षांपूर्वी ते आतडंच काढलं. काही महिने मल गोळा करायला पोटावर पिशवी होती. मग लहान आतड्याचीच आत थैली करून जोडणी केली. कामावर परतली तेव्हा म्हणाली, "रोगाचं घरच पाडलं गं, आता राहील कुठे तो?" आम्ही हसलो, आणि विश्वासही ठेवला. पुढे ती जिन्यात मध्येच थांबायला लागली. ओठ पांढुरके दिसायला लागले. आम्ही काय म्हणायचो? एवढं मोठं ऑपरेशन झालंय, थकवा येणारच. त्या एका ऑपरेशनवर आम्ही किती काय ढकललं.

गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या टेबलावर एक नळी आली. नाव नाही, नुसता क्रमांक. हिमोग्लोबिन आलं पाच पूर्णांक आठ. ती शेजारीच चहाचा कप घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "हे बघ, सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलंय कुणीतरी. पाणी घातलेलं दूध नुसतं. आणि म्हणे पेशंट चालत आलाय. पाच-आठवर कोण चालतं?"

"चालतात काही खुळे."

"टाकून देऊ?"

"दे टाकून."

मी टाकला तो नमुना. खरं तर शंका आली की आधी क्रमांकामागचं माणूस शोधायचं असतं. मी शोधलं नाही. माणूस हातभर अंतरावर चहा पीत होतं.

नवव्या दिवशी ती नोंदणीच्या खिडकीपाशी कोसळली. आतल्या थैलीला सूज होती, तिथून कित्येक महिने थोडं थोडं रक्त जात होतं. चार बाटल्या रक्त चढवलं. तेवढ्यात पायाच्या शिरेत गुठळी झाली. एकातून सुटका नाही तोवर दुसरं.

वॉर्डात मी विचारलं, "तेव्हाच का बोलली नाहीस?"

म्हणाली, "घरी बसवलं असतं मला. आणि मला जे ऐकायचं होतं, नेमकं तेच तू बोललीस गं."

यापेक्षा कडू बोल मला आयुष्यात कुणी ऐकवला नाही, आणि तिनं तो किती मऊ आवाजात ऐकवला. त्या दिवसापासून मी तिच्या नमुन्याला हात लावलेला नाही. तिची नळी आली की दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते. तिला ते कळत नसेल, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

पुढच्या महिन्यात ती थैली काढणार आहेत. पोटावरची पिशवी आता कायमची. त्याआधी रक्त वाढायला हवं, म्हणून दर मंगळवारी तपासणी करून शिरेतून लोह देतात. नोकरीची चार वर्षं शिल्लक असताना ती जाते आहे, ती अशी.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. शुभप्रसंगी नको ते बोलले असेन, तर माझ्या वयाकडे पाहून पोटात घाला. आता सत्कारमूर्तींनी सकाळी दिलेली चिठ्ठी तेवढी वाचते आणि खाली बसते.

"माझा लोकरी स्वेटर रक्तपेढीच्या मॅडमना. त्यांच्या खोलीत गारठा असतो आणि त्या मागायच्या नाहीत. सूक्ष्मदर्शकासमोरचं उंच स्टूल नव्या मुलीला, पण त्याचा एक पाय डगमगतो, तो आधी सुताराकडून बसवून घ्यावा. रडणाऱ्या मुलांसाठीचा चित्रांचा डबा नोंदणीच्या खिडकीवर. मंगळवारी माझं रक्त काढण्याचं काम उंटाला. नाही म्हणाली तर ऐकू नये. डाव्या हाताची शीर बरी आहे. आठ वाजता यावं, काहीतरी खाऊन."