दगडासारखी बसलेली बाई

नाशकात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची रांग लागली होती. रांगेत उभ्या पेन्शनर उज्वलाच्या पुढे निवृत्त प्राध्यापक शरच्चंद्र, त्यांच्या पुढे दूरच्या पेठ तालुक्यातली धोंडाबाई.

“मास्तर, फोटू धड नाय आला तं पेन्शन बंद व्हतंय का?”

“प्राध्यापक. होतं बंद. म्हणून ऐका, फोटोग्राफी म्हणजे प्रकाशानं लिहिणं. सुरुवातीला माणसं मिनिटं मिनिटं दगडासारखी बसायची. मानेला मागून लोखंडी टेकू लावायचे. हललं की चेहरा पुसला!”

“अगं बया! मंग म्या पापनीबी हालवायची नाय.”

“शाब्बास! याला म्हणतात शिकणं.”

धोंडाबाई खुर्चीत बसली. खिडकीतल्या मॅडमनी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

“आजी, पापणी लववा. जिवंत माणूस दिसत नाही म्हणतंय हे अ‍ॅप.”

“फसवू नगा मॅडम. मास्तरांनी सांगलंय, हाललं की पुसलं.”

“अहो सर, सांगा ना यांना!”

“मी इतिहास सांगत होतो.”

“गेलं! तिसऱ्यांदा नाही म्हणालं. आता आज घेत नाही ते. उद्या या, आजी.”

“उद्या? दोन गाड्या बदलून आले म्या!”

“बाजूला व्हा. पुढचे?”

शरच्चंद्र खुर्चीत टेकले आणि त्यांनी लगेच पापणी लववली.

“झालं, सर. तुम्ही जिवंत.”