आज्जीच्या आजारपणावर मिळालेली लाईन

निपाणीत तंबाखूचे व्यापारी आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांची ठणठणीत आई आणि लग्नाला आलेली मी, असे आम्ही राहायचो बघा. बाहेरगावी बोलायला अख्ख्या गावाला फोनची लाईन एकच. सकाळी सगळ्याच व्यापाऱ्यांना बेळगावचा भाव विचारायचा असायचा. पण घरात कुणी आजारी असलं की पहिला नंबर मिळायचा. म्हणून आप्पा बेळगावच्या ऑपरेटरला रोज सांगायचे, "आई अत्यवस्थ हाय, लवकर जोडा."

माझं लग्न बेळगावात ठरलं होतं, पण होणारे सासरे "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत टाळत होते. तो ऑपरेटर नेमका त्यांचा शेजारी निघाला. एका दुपारी सासरे आमच्या दारात हजर.

"आप्पा, म्हातारी गेली तर वरीसभर लगीन करता येणार न्हाय. ह्याच आठवड्यात उरकूया."

आप्पा घाईनं आत आले. "आई, अंथरुणात पड आणि जरा कण्ह."

"चुलीवर शेंगा भाजाय ठेवल्यात रं."

"कण्ह गं, पोरीचं लगीन हाय."

आज्जी कण्हली आणि लग्न झालं. पंगतीत मात्र आज्जी स्वतः बुंदी वाढत फिरली. सासऱ्यांनी तिला पाहिलं, तसं आप्पांनी पानात मान खुपसली.

सासरे पाव्हण्यांकडं वळले. "सून बघा कशी पायगुणाची. हिला हळद लागली आणि मरणारी म्हातारी उठून बसली."

तेव्हापासून सासरी मला कुणी पाण्याची घागरसुद्धा उचलू दिली नाही.