तांब्याच्या पेटीत कोंडलेली लहर

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हाताला विसावा द्या. नामाचा गजर झाला, आता थोडं बोलू.

आणि पुढची चिल्लीपिल्ली — तुम्ही अशी अगदी माझ्यासमोर या! मोठी माणसं मागे राहिली तरी चालतील. त्यांना समजलं नाही तर ती मान हलवतात. तुम्हाला समजलं नाही तर तुम्ही विचारता. मला विचारणारी माणसं हवीत!

तर आधी एक प्रश्न. आपल्याला जे जिवापाड आवडतं, ते जपायचं कसं? झाकून जपायचं — की उघडं ठेवून?

झाकून? कोण म्हणालं? काकू, तुम्ही! साहजिक आहे. दूध झाकतो, लोणचं झाकतो, निजलेलं लेकरू झाकतो. बरोबरच आहे तुमचं. पण सगळंच झाकून जपता येतं का? ऐका तर.

एका गावात तांबटांची आळी होती. गावाचं नाव सांगत नाही — तिथली दोन माणसं माझ्या कीर्तनाला येतात आणि दोघांच्या हातात हातोडा असतो! त्या आळीत दिगंबर करडे नावाचे तांबट. बंब, घंगाळं, हंडे — सगळं हातानं ठोकून घडवायचे. ठण् ठण् ठण्! तांब्याच्या पत्र्यावर हातोड्याच्या गोल ठशांची अशी ओळीनं टिकली उमटायची, की बघणाऱ्यानं बोट फिरवत बसावं. आणि त्यांचा एक नेम. भांडं तयार झालं की त्यात काठोकाठ पाणी भरायचं आणि खाली कोरडा कागद ठेवायचा. सकाळी कागदावर ओलीचा ठिपका दिसला, तर भांडं मोडून पुन्हा भट्टीत! करड्यांच्या भांड्यातून थेंब गळत नाही — हा त्यांचा अभिमान.

त्यांना एकच मुलगी. किशोरी. बारावी झालेली, बापासारखाच हात. दूरच्या शहरात धातुकाम शिकवणारी एक मोठी संस्था आहे, तिथे तिनं अर्ज केला. हजारोंमधून तिला बोलावणं आलं — मुलाखतीचं. पण मुलाखत लॅपटॉपवर! सोमवारी सकाळी अकरा वाजता. समोर पडद्यावर शिक्षक येणार, प्रश्न विचारणार, अर्ध्या तासात सगळं ठरणार. आणि पत्रात स्पष्ट लिहिलेलं — ठरलेली वेळ चुकली, तर दुसरी वेळ मिळणार नाही.

बापाला आनंद झाला का? झाला. आणि काळजी? तीही लागली. एकुलती लेक, हजार किलोमीटर दूर! तांबट माणूस, बोलायचं ते हातोड्यानं बोलतो.

मुलाखतीच्या आधी दोन दिवस किशोरी मामाकडे गेली होती. इकडे दिगंबररावांची नजर गेली दुकानातल्या फळीवर. तिथे राऊटर होता. राऊटर म्हणजे काय रे पोरांनो? बरोबर! ते दोन शिंगांचं पांढरं यंत्र, ज्यातून वायफाय येतं. त्यावर भट्टीची काजळी बसलेली. आणि घरचं मांजर त्याच्यावर झोपायचं! ऊब लागते ना. एकदा तर त्यानं वायर ओढून यंत्र खाली पाडलं होतं.

दिगंबरराव मनाशी म्हणाले, "सोमवारी पोरीची परीक्षा. या यंत्राला काही झालं म्हणजे?"

बसले की हो दोन दिवस! जाड तांब्याचा पत्रा घेतला, पेटी घडवली. चारी बाजूंनी टिकली, झाकणावर कमळ, कमळाखाली कोरलं — किशोरी. पाणी भरून तपासली. कागद कोरडा! मग तळाला वायरींपुरतं एक भोक पाडलं, राऊटर आत बसवला आणि झाकण आठ रिव्हेट — परत न निघणारे खिळे — ठोकून बंद केलं. मांजराचा बाप आला तरी आता उघडणार नाही!

मंडळी, हसताय? हसा. पण त्या पेटीत माया किती होती, तेही बघा. आम्ही यंत्राला हार घालतो, कुंकू लावतो. त्यांनी त्याला घर बांधून दिलं!

सोमवारी सकाळी किशोरी एसटीनं परत आली. अंघोळ केली, दहा वाजता माडीवर लॅपटॉप उघडला. वायफाय नाही!

आता पोरांनो, पुढे सरका. कारण ही वेळ तुमच्यावरही येणार. वायफाय लागत नाही — पहिली गोष्ट काय करायची? ओरडायचं? लॅपटॉपला थापटायचं? आमच्या शेजारचे काका तर कंपनीला फोन लावून आधी भांडून घेतात!

किशोरी शहाणी. तिनं आधी स्वतःचं बटण बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक चित्र होतं. कसलं असेल?

"विमान!"

शाब्बास मुक्ता! विमानाचं चित्र म्हणजे लॅपटॉपनं बाहेरच्या जगाशी बोलणं बंद केलंय. विमानात बसल्यावर करतात ना, तसं. पण ही तर माडीवर बसलेली! झालं काय होतं, आईनं — मंदाताईंनी — कालच फडक्यानं लॅपटॉप पुसला होता, तेव्हा ते बटण दाबलं गेलं.

"आई, तू माझं विमान उडवलंस गं!"

"मी फक्त धूळ उडवली बाई. विमानाचं मला सांगू नकोस."

तिनं विमान बंद केलं, वायफाय चालू केलं. आता आसपासच्या जाळ्यांची नावं दिसायला हवीत. पण यादी रिकामी! मग दुसरा विचार — मी फार लांब आहे का? वायफायची लहर भिंती ओलांडताना दमते. ती लॅपटॉप घेऊन खाली दुकानात आली, फळीच्या अगदी जवळ. यादीत घरचं नाव दिसलं! पण लहरीचा जोर दाखवणारी रेघ किती? एक. तीही आजाऱ्यासारखी.

तिनं नावावर टिचकी मारली. "जोडता येत नाही." पुन्हा मारली. "जोडता येत नाही."

आता इथे गंमत आहे. ती मामाकडे गेली त्या दिवशी वायफायवाल्या माणसानं पासवर्ड बदलला होता, नवा चिठ्ठीवर लिहून गेला होता. पण लॅपटॉप जुनाच पासवर्ड धरून बसलेला! दार तेच, कुलूप नवं आणि हा जुनी किल्ली फिरवतोय. मग काय करायचं? त्या नावापाशी एक पर्याय असतो — हे जाळं विसरा. विसरायला सांगायचं आणि नव्यानं ओळख करून घ्यायची. पासवर्ड टाकताना मोठं अक्षर, लहान अक्षर नीट बघायचं, घाई करायची नाही.

आणि सासवांनो, सुनांनो — मी काही बोललो का? नाही बोललो. पण वीस वर्षांपूर्वीचं कुणाचं वाक्य तुम्ही अजून धरून बसला असाल, तर ते आजच विसरा. नवीन ओळख जुळते पटकन!

किशोरीचा लॅपटॉप जोडला गेला. साडेदहा वाजले होते. तिनं व्हिडिओ कॉल लावून बघितला तर चित्र अर्धवट यायचं, थांबायचं. जोडलं जायचं, तुटायचं. मग शेवटचा सोपा उपाय. राऊटरचा प्लग काढायचा, अर्धं मिनिट थांबायचं, पुन्हा लावायचा. यंत्रालाही डोळा मिटावा लागतो हो! दिगंबरराव दाराशी उभे होते. ते म्हणाले, "तीस ठोके मोजतो." आणि रिकाम्या ऐरणीवर हळूहळू — ठण्... ठण्... ठण्... तीस ठोके मोजले! प्लग लावला. दोन मिनिटं वाट पाहिली.

रेघ? एकच.

दहा चाळीस!

"मोबाईलवरून लाव ना गं," मंदाताई म्हणाल्या.

"आई, आळीत मोबाईलवर बोलणंच कसंबसं होतं. चित्र कुठून येणार?"

"मग वायरच जोड थेट."

"वायर जोडायची जागा पेटीच्या आत आहे."

आणि हे बोलली — आणि थांबली. मंडळी, पोर थांबली! तिनं पेटीकडे बघितलं. तिला उमगलं. लहर हवेतून जाते, लाकडातून जाते, विटांच्या भिंतीतूनही कशीबशी जाते. पण तांबं? तांबं तिला अडवतं. वायरीच्या भोकातून जेवढी निसटत होती, तेवढीच ती एक रेघ!

पोरांनो, घरी करून बघा. आईचा मोबाईल घ्या — विचारून घ्या! — आणि स्टीलच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावा. मग दुसऱ्या फोनवरून त्याला फोन करा. वाजला, तर झाकण आणखी घट्ट लावून बघा. मग सांगा मला, धातू काय करतो ते.

किशोरीला कळलं. पण बोलायचं कसं? सांगा ना! तुमच्या बापानं दोन दिवस बसून, तुमच्या नावाचं कमळ कोरून एक वस्तू दिली. आणि तुम्ही म्हणायचं — बाबा, तुमच्यामुळेच अडलंय? घड्याळ पुढे चाललेलं. एकीकडे आयुष्याची संधी, दुसरीकडे बापाचा चेहरा.

शेवटी दिगंबररावच म्हणाले, "काय गं, पेटीकडे काय बघतेस? आवडली नाही का?"

"आवडली बाबा. एवढं सुबक काम तुम्हीसुद्धा याआधी केलं नव्हतं."

"मग?"

"तुम्ही थेंबभर फट ठेवली नाही, बाबा."

"मी कधी ठेवतो का?"

"पाण्यासाठी बरोबर आहे. पण हे पाणी नाही. ह्याला बाहेर यायचंय."

दिगंबररावांची मान खाली. तेव्हा मंदाताई बोलल्या. चारच बुकं शिकलेली बाई, पण काय बोलली ऐका —

"अहो, देवाला आपण गाभाऱ्यात ठेवतो. पण गाभाऱ्याला दार असतं की!"

मंडळी, मी पस्तीस वर्षं कीर्तन करतोय. हे वाक्य मला सुचलं नाही!

दिगंबररावांनी छिन्नी उचलली. किशोरीनं आधी प्लग काढला — लक्षात ठेवा रे, विजेची वस्तू उघडण्याआधी प्लग काढायचा! — आणि पहिला घाव बसला. एक रिव्हेट उडाली. दुसरी. तिसरी. आपल्याच हातचं सर्वांत सुंदर काम तो माणूस आपल्याच हातानं फोडत होता. पाचवी रिव्हेट हटेना. दोन घाव, तीन घाव! कमळाच्या दोन पाकळ्या चेपल्या. ते थांबले नाहीत. आठवी उडाली, झाकण निघालं. आत राऊटर असा तापलेला, की हात लावता येईना!

राऊटर बाहेर काढून फळीवर मोकळा ठेवला. मांजराला मंदाताईंनी काखेत धरलं. प्लग लावला.

एक रेघ... दोन... सगळ्या रेघा!

दहा अठ्ठावन्न!

किशोरी केस सारखे करते तोच पडद्यावर शिक्षक आले. "नमस्कार. तुमच्या घरी अलीकडे घडवलेली एखादी वस्तू दाखवा." दाखवायला तयार ठेवलेला नक्षीदार तांब्या माडीवर राहिला होता! तिनं इकडेतिकडे बघितलं. दिगंबररावांनी न बोलता ती फोडलेली पेटी तिच्या हातात दिली.

शिक्षकांनी निरखून बघितली. "हातोड्याचं काम उत्तम आहे. कोणी केलं?"

"माझ्या वडिलांनी."

"मग ही फोडली का? काय चूक होती हिच्यात?"

आता बघा हं. बाप दोन हातांच्या अंतरावर उभा आहे. पोरीनं काय म्हणावं?

ती म्हणाली, "सर, पेटीत चूक नाही. ही घडवणाऱ्यानं एकच बघितलं, की आतल्याला बाहेरून काही लागू नये. आतल्याला बाहेर जायचंय, हे मीच त्यांना वेळेवर सांगितलं नव्हतं."

दिगंबररावांनी तोंड फिरवलं आणि भट्टीत उगाच कोळसा घातला. धूर लागला म्हणे डोळ्यांना! भट्टी तर पेटलेलीच नव्हती, मंडळी.

निवड झाली, आणि जूनमध्ये किशोरी शिकायला गेली. कोण सोडायला गेलं? दिगंबररावच! ट्रंक स्वतः उचलली. आता दर रविवारी सकाळी ते लॅपटॉप उघडून बसतात. आधी विमान बघतात. मग रेघा मोजतात. मग हाक मारतात, "ऐकू येतंय का गं?"

आणि ती पेटी? मी गेल्या चैत्रात त्यांच्याकडे गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर ठेवलेली. झाकण नाही. आत माती भरून तुळस लावलेली. मी विचारलं, "करडे, तुमच्या भांड्यातून पाणी गळतंय की!" वायरीसाठी पाडलेल्या त्या भोकातून थेंब थेंब पायरीवर पडत होता.

हसले. म्हणाले, "गळू द्या बुवा. नाहीतर मुळं कुजतील."

मंडळी! कथा संपली. आता तुमची पाळी.

तुमच्या घरात कोणाशी जुळत नाही? मुलाशी? भावाशी? आधी त्याला दोष देऊ नका. आपलंच विमान उडालंय का, बघा. फार लांब जाऊन बसलोय का, बघा. जुनी किल्ली फिरवतोय का, बघा. आणि हे सगळं करूनही लागत नसेल, तर जरा धीर करून विचारा — मी मायेनं कोणावर आठ रिव्हेट तर ठोकल्या नाहीत ना? सुनेची नोकरी, नातवाचा छंद, म्हाताऱ्या आईची एकटीनं देवळात यायची इच्छा — "पडशील, हरवशील, थकशील" म्हणत आपण किती पेट्या घडवतो! वर कमळही कोरतो.

आणि पोरांनो, तुम्हालाही सांगतो. आईबाप पेटी घडवतात ते तुमच्यावर जीव असतो म्हणून. आतून नुसत्या लाथा मारू नका. किशोरीसारखं सांगा. आधी कामाचं कौतुक करा, मग फट मागा.

चला, मुठी उघडा सगळ्यांनी. मिटलेल्या मुठीनं टाळी वाजत नाही. उघडल्या? आता वाजवा — रामकृष्ण हरी!