चिठ्ठी होती, कपाट रिकामं

आम्ही शिकलगार, मूळचे साताऱ्याचे, पण मला साताऱ्याचं विचाराल तर मामाच्या घरापलीकडं फार सांगता येणार नाही, कारण अब्बांना केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्ली मिळाली आणि मी वाढले आर. के. पुरमच्या क्वार्टरात, घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. अब्बा नकाशांच्या रेकॉर्डला होते. मोठा नकाशा फाइलीत मावत नाही, घडी घातली की घडीवरच फाटतो, म्हणून तो गुंडाळून कपाटात ठेवायचा आणि फाइलीत नुसती चिठ्ठी लावायची, नकाशा अमुक, कपाट चार, खण दोन. सुट्टीत मी त्यांच्या ऑफिसात जायची तेव्हा हाच माझा खेळ, चिठ्ठी वाचायची आणि कपाट शोधायचं. हे आत्ता का सांगतेय, तर माझी सगळी गोष्ट त्या चिठ्ठीपाशीच येऊन अडकते.

मी नोएडात एका लहानशा कंपनीत आहे, दहा-बारा माणसांची. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी आम्ही ॲप बनवतो, त्यात हाताच्या खुणांनी गोष्टी सांगितल्यात. सांगणारे सक्सेना सर, स्वतः जन्मापासून न ऐकणारे, अशाच मुलांच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. काय बोटं त्यांची, काय सांगू तुम्हाला, माकड दाखवलं की समोर माकडच बसलंय. ॲपमध्ये जातो तो व्हिडिओ दाबून लहान केलेला, त्यात बोटं जरा पुसट होतात, पण अस्सल मोठे व्हिडिओ आमच्या रेपोमध्ये. रेपो म्हणजे सॉफ्टवेअरचं सामायिक दप्तर समजा, कुणी काय बदललं, कधी, का, सगळं नोंदलेलं, आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर त्या अख्ख्या दप्तराची नक्कल, जुन्यासकट.

आता व्हिडिओमुळं हे दप्तर इतकं जड झालं की विचारू नका. एक नवी मुलगी द्वारकेहून मेट्रोनं आली, सकाळी नक्कल उतरवायला लावली, चहा झाला, जेवण झालं, ती आपली स्क्रीनकडं बघत बसलेली, म्हणाली, दीदी, इतने में तो मैं घर जाके वापस आ जाती. मला वाटलं, सोपंय, दोनचार जुने व्हिडिओ उडवून बघू. उडवले. फोल्डर हलकं झालं आणि रेपो तेवढाच जड! मला इतकं नवल वाटलं, मी दोन दिवस त्याच्याच मागं. तर असं की इथं पुसलेलं पुसलं जात नाही, काल ते होतं याची नोंद राहते आणि नोंदीबरोबर वस्तूही राहते. खरं सांगू, मला ते फार आवडलं. पुसता येत नाही असं दप्तर या देशात प्रत्येक ऑफिसात हवं, मग बघा किती साहेबांना घाम फुटतो.

शोधता शोधता कळलं, एक व्यवस्था आहे, मोठी फाइल वेगळ्या गोदामात ठेवायची आणि रेपोत तिच्या जागी तीन ओळींची चिठ्ठी, तिचा खुणेचा नंबर आणि आकार. मी हसायलाच लागले. घरी जाऊन म्हटलं, अब्बा, हे तर तुमचं कपाट चार, खण दोन! अब्बा म्हणाले, अच्छा, आणि कपाट कुठंय, उघडून पाहिलंस का? मी म्हटलं, अब्बा, ते कंप्यूटर पाहतो.

मग मी बसून अख्ख्या जुन्या नोंदी नव्यानं लिहून घेतल्या, व्हिडिओच्या जागी चिठ्ठ्या, आणि सगळ्यांना सांगितलं, जुनी नक्कल फेका, नवी घ्या. सगळ्यांनी ऐकलं, एक देवेंदर सोडून. देवेंदर फरीदाबादचा, घरूनच काम करतो. नवी घेतली पण जुनी फेकेना, उसमें मेरा थोड़ा काम पड़ा है मॅडम, कर दूँगा. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, यार देवेंदर, तू इंजिनियर है या कबाड़ी? सगळे हसले.

चूक कुठं झाली ते ऐका. काम सर्व्हरवर पाठवताना आधी एक तपासणी चालते, ती वेळ खाते, म्हणून आमच्याकडं सगळ्यांना सवय की तपासणी वगळून काम तसंच पाठवून द्यायचं. मीही तसंच पाठवलं. आणि मोठ्या फाइली गोदामात पोचवायचं काम नेमकं त्याच टप्प्यावर होतं. म्हणजे चिठ्ठ्या गेल्या, व्हिडिओ गेलेच नाहीत. माझ्या लॅपटॉपवर ते दिसत होते, छान चालत होते, बाकीच्यांना रोज लागायचे ते दाबलेलेच, अस्सल कुणी उघडलेच नाहीत, मग शंका कशाला येईल? पुढं लॅपटॉप बदलला, जुना पुसून परत गेला.

त्यानंतर ॲप वापरणाऱ्या एका शाळेचा निरोप आला, मुलांना बोटं कळत नाहीत, संथ करून दाखवा. संथ करायचं तर अस्सल व्हिडिओच हवेत. आणि तोवर सक्सेना सरांना कंप सुरू झालेला, उजव्या हातात कप ठरत नव्हता, पुन्हा चित्रण होणं शक्यच नाही. मी फाइल उघडली, चालेना. साध्या नोटपॅडमध्ये उघडली. तीन ओळी. दुसरी उघडली, तीन ओळी. गोदामात पाहिलं, काही नाही.

मालक म्हणाले, स्कूल को बोल दो, फाइलें खराब हो गईं. मी म्हटलं, नाही सर, खराब झाल्या नाहीत, मी घालवल्या. खराब झाली म्हटलं की माणूस गायब होतो बघा, पूल पडला म्हणतात तसं. जे दप्तर पुसलं जात नाही म्हणून मला आवडलं, तेच मी माझ्या हातानं पुसलं होतं, आता निदान त्याच्यात खरं तर लिहिते. लिहिलं, तपासणी वगळली, चूक माझी, खाली माझं नाव, रेहाना.

आणि लिहिता लिहिता डोक्यात आलं, प्रत्येक नक्कल अख्खी असते. जुनी नक्कल कुणी फेकली नाही? देवेंदरला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, कबाड़ी बोल रहा हूँ. मी म्हटलं, माफ कर दे भाई, वो फोल्डर है? म्हणाला, है तो. आज डिलीट करनेवाला था, पर आज भी आलस आ गया.

डिस्क घेऊन मी तशीच मेट्रोनं फरीदाबादला गेले. त्याच्या आईनं ताकाचा ग्लास हातात दिला, मी तो तसाच धरून उभी, आणि स्क्रीनवर सरांचं माकड आलं, बोटाचं पेर न् पेर दिसत होतं.

संथ व्हिडिओ तयार झाले तेव्हा सर स्वतः आले बघायला. थरथरणारा उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला आणि स्वतःची बोटं बघत बसले, दोनदा बघितलं. मग तो हात सोडला आणि डाव्या हातानं मला माकड करून दाखवलं.

आता दर महिन्याला मी रिकाम्या मशीनवर नवी नक्कल उतरवते आणि एकेक व्हिडिओ लावून बघते. तपासणी कुणी वगळत नाही, मीच वगळू देत नाही. अब्बांचं वय झालं, बाकी पुष्कळ विसरतात, पण पहिल्या तारखेला विचारतात, कपाट उघडलंस का? उघडलं अब्बा, म्हणते, आहे सगळं. आणि मनात म्हणते, अल्ला त्या देवेंदरच्या आळसाला उदंड आयुष्य देवो.