घोडीचा मूळ फोटो

नाव भूपेंद्र भटू पाटील, वय ४७, धंदा फोटो स्टुडिओ, रा. शहादा, जि. नंदुरबार. सारंगखेडा यात्रेतील पोलीस चौकीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

लग्नाळू मुलामुलींचे फोटो कॉम्प्युटरवर उजळ व स्पष्ट करून देणे हे माझे मुख्य काम आहे. तालुक्यात माझ्या हातून गेलेला एकही चेहरा सावळा राहिलेला नाही.

जालमसिंग गिरासे यांना मी ओळखतो. यात्रेपूर्वी त्यांनी घरात लावायला आपल्या घोडीचा फोटो माझ्याकडून काढून घेतला. म्हणाले, "भाऊ, पाव्हना देखाले येतीन असा कर." त्याप्रमाणे केला. घोडी मळकट पांढरी आहे, ती दुधासारखी केली. डोळ्यांत चमक टाकली. कपाळावरचे केसांचे दोन भोवरे व डाव्या कानाची चीर पुसली. मुलींचे मुरूम पुसतो, त्याच सवयीने.

काल यात्रेत घोडी दावे तोडून सुटली. पोलिसांना मिळाली, त्यांनी ती चौकीमागे बांधली. बाहेरगावचा एक व्यापारीही ती आपलीच म्हणू लागला. जालमसिंग यांनी पुरावा म्हणून माझा फोटो दिला. हवालदार शोभाताईंनी आधी फोटो, मग घोडी पाहिली व विचारले, "ही घोडी आहे का नवरी?"

जालमसिंग म्हणाले, "ताई, ती मले वळखस. तिलेच इचारा."

घोडीने त्यांच्या खिशात तोंड घातले. ते कागदावर घेता येत नाही, असे ताईंनी सांगितले. त्यानंतर जालमसिंग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मला बोलावल्यावरून मी कॉम्प्युटरमधला मूळ फोटो घेऊन आलो. त्यात भोवरे, चीर व मळ जागच्या जागी आहेत. पंचांसमक्ष घोडीशी ताडून पाहिले, जुळले. व्यापारी चहा पिऊन येतो म्हणून गेला, अद्याप आलेला नाही.

घोडी जालमसिंग यांच्या ताब्यात देताना दोघांचा फोटो मीच काढला. काहीही पुसायचे नाही, अशी ताईंनी ताकीद दिली. जालमसिंग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घोडीले हात लावू नको, मन्हा चेहरा तेवढा उजळ कर." ताईंनी ते ऐकले. फोटो जसाच्या तसा दिला आहे. त्यात जालमसिंग यांचे डोळे सुजलेले व सगळे दात दिसतात. तसेच ठेवले आहेत.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी 'घोडा' लिहिले होते, ते 'घोडी' करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे.