शेवटचा अर्धा तास

—नाही नाही, मागचं झाकण आत्ताच लावू नका, बसा तुम्ही, ती खुर्ची घ्या. तुमचा पार्ट चांगलाच असेल हो, पण या टीव्हीची खोड मला माहीत आहे. तासभर गुण्यागोविंदानं चालतो आणि तास झाला रे झाला की चित्र गायब, नुसता आवाज. आधीच्या मेकॅनिकनं पाच मिनिटं लावून बघितला, म्हणाला झालं, आणि गेला. तुम्हाला तास भरल्याशिवाय मी सोडत नाही. पन्नास मिनिटं झालीत, दहा राहिली. काय म्हणालात? सिनेमा? माझ्या आवडीचा नाही, बायकोचा आहे. तिनंच डिस्क इथं काढून ठेवलीय, जाताना, टीव्हीच्या वर, अगदी डोळ्यांसमोर. बघा, बघा — आता ही केकवाली वळणार आणि त्या कोटवाल्याला धडकणार. धडकली! सांगितलं होतं ना? तिसऱ्यांदा धडकतायत. अहो, मी एकोणीस वर्षं या शहरात बस चालवतोय, माझा आरसासुद्धा कुणाला घासलेला नाही, आणि या दोघांना रिकाम्या फुटपाथवर धड चालता येत नाही!

आणि दुकान बघा तिचं — दिवसभरात एक गिऱ्हाईक नाही, आणि हिच्या अंगावर रोज नवा ड्रेस. तो कोटवाला तेच दुकान पाडायला आलाय. तुम्हाला माहीत, मला माहीत, तिच्या मैत्रिणीला माहीत, ही एकटी अंधारात. आणि बायको यावर रुमाल घेऊन रडायची! म्हटलं, अगं, दहाव्यांदा बघतेयस, काय होणार ते पाठ आहे, मग रडतेस कशाला? तर म्हणायची, तुम्ही एकदा शेवटपर्यंत बघा माझ्याबरोबर. एकदाच. आता कसं बघणार? तिला रविवारी दुपारची हौस, आणि मला सव्वाचारची ड्युटी. शेवटचा अर्धा तास आला की मी बूट घालायला उठायचो. उठावंच लागतं! बसला उशीर झाला तर स्टॉपवरची माणसं सिनेमावाल्यांना शिव्या घालत नाहीत, मला घालतात.

कुठे गेलीय म्हणजे? बहिणीकडे. दोन तासांचा रस्ता आहे. बहिणीला बरं नाही, म्हणून — नाही, जाऊ द्या, तुमच्याशी कशाला खोटं बोलू, बहीण ठणठणीत आहे. महिना झाला.

अरे, तास झाला की! चित्र आहे! शाब्बास, गुण आहे हो तुमच्या हाताला. नाही, निघताय कुठे? एवढा वेळ बसलात, आता संपेपर्यंत — हा मूर्खपणा बघा, हा! सिग्नलला गाडी सोडून पळाला! दार सताड उघडं टाकून! विमानतळावर चाललाय तिला गाठायला. मागे काय उभंय बघितलंत? बस. भरलेली बस! त्या ड्रायव्हरनं काय करायचं? टाळ्या वाजवतोय म्हणे — कुठला ड्रायव्हर टाळ्या वाजवेल? एवढं प्रेम होतं तर अर्धा तास आधी निघायचं होतं! मी असतो त्याच्या जागी तर —

मी होतोच. हसू नका हं. माझ्याच बसमधून गेली बायको. सकाळी सात-दहाची. बॅग घेऊन चढली, तिकीट काढलं, माझ्या मागच्या सीटवर बसली. बारा स्टॉप. डोक्यावर पाटी आहेच — चालकाशी बोलू नये. ती बोलली नाही, मी बोललो नाही, दोघांनी मिठाची गुळणी धरलेली. मला वाटलं, चार दिवस राग काढेल आणि येईल. स्टेशन आलं, सगळे उतरले, आणि ही पायरीवर उभी. उतरेचना. आरशात दिसत होती मला — नुसती उभी. मग मी काय केलं? घड्याळ बघितलं. सात-अडतीसला गाडी परत सोडायची होती. म्हटलं, अगं, दार लावायचंय. एवढंच. उतरली. आणि सात-अडतीसला सुटलो मी, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आता सांगा, यात माझं काय चुकलं? नका सांगू. मला कळतंय.

काल फोन आला तिचा. म्हणाली, तिकडे बालवाडीत काम मिळतंय, उद्या, म्हणजे आज, संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मग म्हणाली, सिनेमा बघितलात का शेवटपर्यंत? म्हटलं, हो, बघितला. म्हणाली, मग काय होतं शेवटी? आता यात काय अवघड आहे — असले सिनेमे सगळे एका माळेचे मणी! म्हटलं, ती परत येते, तिला तिची चूक कळते. फोन ठेवला तिनं. सकाळपासून सात वेळा लावला, उचलत नाही.

थांबा, थांबा. आवाज वाढवा जरा. विमान गेलं की हो! म्हणजे पोचलाच नाही हा? आता हे कुठलं गाव? हे तिच्या मावशीचं घर ना? आणि हा इथं कसा — कोट चुरगाळलेला, दाढी वाढलेली, ऑफिस सोडून — दारात उभा राहिलाय. काही बोलतही नाही. एवढी पल्लेदार बडबड करायचा, आणि आता नुसता उभा.

ती परत येत नाही. ती कुठेच येत नाही हो. हा जातो. दहा वेळा बघितला तिनं हा सिनेमा, दहा वेळा मी अर्ध्यातून उठलो, आणि काल तिला म्हणालो, तिला तिची चूक कळते. अरे देवा.

बंद करा तो. हो, झालाय चांगला, उत्तम झालाय, आवरा आता तुमचं. किती वाजले? साडेतीन? एकोणीस वर्षांत डेपोला फोन करून ‘आज येत नाही’ असं मी एकदाही म्हटलेलं नाही. तापातसुद्धा नाही. तुम्ही बघताय काय असे? निघा. मला डेपोला फोन करायचाय, आणि माझा आवाज कापणार आहे, तो तुम्ही ऐकायची काही गरज नाही. जाताना दार ओढून घ्या.