दूध कट्ट्यावरची ओळख

(गंगावेशीतला दूध कट्टा. संध्याकाळ. सम्राट म्हशीची धार काढतोय, वरद समोर उभा.)

वरद : एक मोठा ग्लास दे. आणि सम्राट, मी वरद.

सम्राट : वळखलं की. फेस ठेवू का काढू?

वरद : बावीस वर्षांनी भेटतोय आणि फेसाचं काय विचारतोस?

सम्राट : गिऱ्हाइकाला आमी तेवढंच इचारतो. जरा मागं सरा, नवीन माणूस बघून म्हस बुजतीया.

वरद : "सरा" काय लेका! नववीपर्यंत एका बाकावर बसायचो आपण.

सम्राट : बसायचो. तुझी पोळी मी खायाचो, माझी भाकरी तू.

वरद : त्या दिवसाचं बोलायला आलोय. आपल्या वर्गातला राजवीर आणि त्याच्या टोळीतली पोरं मला इथं दूध प्यायला घेऊन आली होती. तू बादली धरून उभा होतास. राजवीर म्हणाला, "ह्यो शेणातला तुझा दोस्त हाय व्हय?"

सम्राट : आन् तू म्हणालास, "मी न्हाय वळखत ह्याला."

वरद : त्यांच्या फुटबॉल टीममध्ये घ्या म्हणून दोन महिने मागं लागलो होतो रे. भ्यालो मी.

सम्राट : घेतलं का मग?

वरद : राखीव म्हणून. एकदाही मैदानात उतरलो नाही.

सम्राट : म्हंजे तेल बी गेलं, तूप बी गेलं!

वरद : हस तू. दुसऱ्या दिवशी तू बाक बदललास. रोज ठरवायचो, आज बोलायचं. राजवीर बघत असायचा, की झालं. तसंच वर्ष संपलं. फार वाईट वागलो मी. काकांची, तुझ्या वडलांची पण माफी मागायचीय. कुठायत ते?

सम्राट : आबा जाऊन दोन वर्सं झाली.

वरद : अरे देवा. मला कळलंच नाही.

सम्राट : तुला कोण कळवणार?

वरद : त्या दिवशी ते म्हशीच्या पलीकडं होते. त्यांनी ऐकलं होतं का रे?

सम्राट : समदं.

वरद : पण माझ्या हातात ग्लास दिला, तेव्हा बघितलंसुद्धा नाही त्यांनी. मला वाटलं, ओळखलं नाही. बरंच झालं, असं वाटलं होतं तेव्हा.

सम्राट : न्हाय वळखायला काय झालं? हप्त्यातनं चार दिस आमच्यात जेवायचास की. घरी जाताना मी रडत हुतो. म्हटलं, आबा, तुमी तरी हाक मारायची हुती. तर म्हणाले, "पोरगं कोंडीत घावलं हुतं. आपुन वळख दावली असती, तर चारचौघात त्येची मान खाली गेली असती."

(सम्राट भरलेला ग्लास वरदच्या हातात देतो.)

सम्राट : पी. गार व्हईल.

वरद : तू माफ करशील मला?

सम्राट : आबांगत मोठं मन न्हाय माझं. खोटं कशाला बोलू? पर आई अजून इचारती, "त्या वरदचं काय बिनसलं? जेवायला का येईना झालं?" आबांनी कधी सांगितलं न्हाय, म्या बी न्हाय. ही धार झाली की घरी चल. तिला तूच सांग.